कटसाहेब, हात कोणाचा?

श्रीयुत कट,
मूळ राहणार इंग्लंड, व्यवसाय क्रियापद,
हल्ली मुक्काम जिल्हा बुलडाणा, घाटावर आणि घाटाखाली

साहेब,

स. न. वि. वि.

तुमचा पत्ता शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. वीजबिलाच्या रांगेत तुम्ही होतात. बँकेत पासबुक छापून घेणाऱ्याच्या तोंडी तुम्ही होतात. राशनच्या दुकानापुढे तुम्ही, मतदार यादी लावलेल्या शाळेच्या भिंतीपाशी तुम्ही, आणि बसस्टँडवर फोन कानाला लावून ‘हॅलो, हॅलो, कट झाला का बे?’ असं ओरडणाऱ्या माणसाच्या जिभेवरही तुम्हीच. आमच्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि एकाही तालुक्यात तुमचं काम अडत नाही. इतक्या ठिकाणी एकाच वेळी हजर असणारा माणूस कोणत्याच कचेरीत आम्ही अजून पाहिलेला नाही. तेव्हा आधी अभिनंदन.

आता तक्रार.

आरोप ठेवण्याआधी आरोपीचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. तुमचा पाहिला. तुमच्या बापाचं नाव कोणालाच ठाऊक नाही. इंग्रजीचे मोठमोठे कोशकार तुमच्या नावापुढे ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असं लिहून मोकळे झालेत. उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियाच्या बाजूने आला असावात असा नुसता संशय आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत तुमचा मागमूस नव्हता. त्याआधी त्या घरात कापाकापीची कामं करायला चांगली कुळवंत क्रियापदं होती. कार्व्ह होतं, ते म्हणाल ते कापायचं. शिअर होतं. स्निदन नावाचंही एक होतं. मग तुम्ही पडवीत पथारी टाकलीत आणि हळूहळू माजघरात आलात. आज कार्व्हकडे कोरीवकाम आणि सणासुदीचं भाजलेलं मांस एवढंच उरलंय, शिअर मेंढ्यांच्या मागे फिरतंय, आणि स्निदन तर वारलंच. त्याचा जर्मन भाऊ श्नायडन मात्र अजून धडधाकट आहे, म्हणजे दुखणं घराण्यातलं नव्हतं. तुमचा पहिला गुन्हा तुम्ही घरातच केलात, आम्ही तर फार नंतरचे.

तुम्ही तिकडे बस्तान बसवत होतात त्याच सुमारास इकडे महानुभाव पंथाचे म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करत होते. लोणार आणि मेहकर ही आमची गावं त्या लीळाचरित्रात आहेत. पुढे नागदेवाचार्यांनी पंथाचं लिहिणं-बोलणं मराठीतच व्हावं असा आग्रह धरला, कारण संस्कृतात गेलं तर साध्या बायाबापड्यांच्या हाती काही लागणार नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याला कळलं पाहिजे, हा विचार मराठीत सातशे वर्षांपूर्वीच होऊन गेला. तुम्ही म्हणाल, मग मी तर सगळ्यांना कळतो! खरं आहे. शिकलेल्याला कळता, न शिकलेल्याला कळता, फार लवकर कळता. नेमकं काय कळलं, एवढंच कोणी विचारायचं नाही.

तुम्ही इकडे पोचलात कसे? माझा संशय आगगाडीवर आहे. भुसावळकडून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. वाटेत मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा गेला, तिथल्या बाजारातला कापूस उचलायला. कापूस गेला आणि त्याच गाडीने परत येताना साहेबाच्या कोटाच्या खिशातून तुम्ही उतरला असाल. फलाटावर कोणी अडवलं नाही, कारण तुमचा तोंडावळा. शेजारी बऱ्हाणपूरकडे हिंदीतलं ‘कटना’ घरोघर आहे. ते संस्कृतातल्या ‘कृत्’ धातूच्या कुळातलं, आमच्या कातरीचं सख्खं. तुमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण चेहरा जुळतो म्हटल्यावर पाहुण्याला कोण हटकणार? शिवाय मराठीत तुमच्या नावाचे दोघे आधीच नांदत होते. एक कट रचला जातो, दुसरा पुरणाच्या डाळीचा, ज्याची आमटी होते. पहिला तुरुंगात नेतो, दुसरा पंगतीत बसवतो. तिसरा दाराशी आला तेव्हा यांच्यापैकीच कोणाकडे आला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

तुमची-आमची रीतसर ओळख झाली ती शाळेत. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत यायचं. क्रियापदाची तीन रूपं पाठ करायची. गो, वेंट, गॉन. जीभ वळत नव्हती. सी, सॉ, सीन. डोळ्यांत पाणी. आणि मग तुम्ही आलात: कट, कट, कट. सगळा वर्ग खूश! काल, आज, केव्हाही एकच चेहरा. केवढा साधा, केवढा सरळ माणूस, असं तेव्हा वाटायचं. ज्याच्या चेहऱ्यावर भूतकाळ दिसतच नाही त्याच्यावर खटला चालवणं किती कठीण, हा विचार पाचवीतल्या पोराने करायचा नसतो.

तुम्ही यायच्या आधी इथे कामाला कोण कोण होतं ते आता ऐका. घाटाखाली कापूस वेचतात. वेचून संपला की पऱ्हाटी उपटतात. मुगाच्या शेंगा तोडतात, मिरची तोडतात, हरभऱ्याची भाजी खुडतात. घाटावर, चिखली-मेहकरकडे, सोयाबीन सोंगतात आणि सोंगून त्याची सुडी लावतात. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे संत्र्याच्या फांद्या छाटतात. ऊस तोडतात. कडब्याची कुट्टी करतात. घरात भाजी चिरतात, लोणच्याची कैरी फोडतात, सुपारी कातरतात. चुलीचं लाकूड फोडतात, औताचं लाकूड तासतात, आणि शेजाऱ्याचा धुरा, कोणी पाहत नसलं की, कोरतात.

ही शब्दांची श्रीमंती मिरवण्यासाठी मी सांगत नाही. आमची माणसं कमी बोलतात आणि कामाचं बोलतात. म्हणून त्यांचं क्रियापद जाता जाता दोन-तीन गोष्टी सांगून जातं. हातात काय आहे हे सांगतं. सोंगणं म्हटलं की विळा आला, फोडणं म्हटलं की कुऱ्हाड किंवा अडकित्ता, खुडणं म्हटलं की नुसती बोटं. आणि ज्याच्यावर हात चालवला ते उद्या जगणार की नाही, हेही सांगतं. हरभऱ्याचा शेंडा खुडला की त्याला आणखी फांद्या येतात, वर घरात भाजी होते. कपाशीचा शेंडा खुडला की उंची थांबते आणि बोंडांना जोर मिळतो. छाटलेलं झाड पुढच्या हंगामाला उभं असतं. सोंगलं म्हणजे पीक घरात आलं, शेत मोकळं झालं. उपटलं म्हणजे मुळासकट विषय संपला. खुडण्यापासून उपटण्यापर्यंत ही सगळी वाट आहे, आणि शेतातला माणूस त्या वाटेवर नेमका कुठे उभा आहे ते एका शब्दात सांगतो.

आता तुमचं पाहा. पुण्याहून सुटीला आलेला मुलगा मजुराला सांगतो, ‘काका, तो आंबा जरा कट करून टाका.’ काकांनी काय करायचं? फांद्या छाटायच्या की झाड पाडायचं? ‘जरा’ या शब्दावर भरवसा ठेवला तर झाड वाचतं, तुमच्यावर ठेवला तर संध्याकाळी अंगणात ऊन. आंब्यासारखं झाड पाडायला परवानगी लागते, आणि तो १९६४ सालचा कायदासुद्धा वृक्षतोडीचा आहे. ‘वृक्षकट’ म्हणायचं धाडस विधिमंडळालाही झालं नव्हतं.

काही ठिकाणी तर आम्ही कापण्या-फोडण्याचं नावच घेत नसू. नारळ वाढवायचा. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ म्हणायचं. लाल भोपळा अख्खा असेल तर पहिला घाव बाईने घालायचा नाही, अशीही कित्येक घरांत रीत. या समजुती मला पटत नाहीत. भोपळ्याला कोणाच्याही हाताचं सारखंच दुखत असणार. पण हत्यार उचलताना माणूस जरा थबकत होता, हे त्यात दिसतं. तुम्ही आलात आणि थबकणं गेलं. आता आम्ही ‘वाढ’दिवसाला केक कट करतो.

साहेब, एवढ्यावर मी तुम्हाला सोडून दिलं असतं. परका शब्द म्हणून माझा तुमच्यावर राग नाही. ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला आणि ‘जमीन’ फारसीतून. या जिल्ह्यातल्या बहुतेक चुली या दोघांवरच पेटतात. ते आले आणि मराठी होऊन राहिले. तुमच्यावरचा आरोप निराळा आहे, तो नीट ऐकून घ्या.

तुम्हाला मराठीत एकट्याने चालता येत नाही. कापतो, कापलं, कापीन, कापशील का, असं तुमचं काही होत नाही. तुम्हाला आधाराला ‘करणे’ तरी लागतं नाहीतर ‘होणे’ तरी. आणि तुमचं सूत जमलंय ते ‘होणे’शी. लाईट कट झाली. पैसे कट झाले. नाव कट झालं. तिकीट कट झालं. फोन कट झाला. प्रत्येक वाक्यात काहीतरी गेलेलं आहे आणि नेणारा कोणीच नाही. मराठीत कापायचं म्हटलं की ‘कोणी?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो, कारण त्या ‘कापलं’ला ‘त्याने’, ‘तिने’, ‘साहेबांनी’ असा कोणीतरी लागतो. त्या ‘ने’ला तुम्ही नोटीस न देता कामावरून काढून टाकलंत.

मराठीत काही जोड्या आहेत. तुटणे आणि तोडणे. फुटणे आणि फोडणे. फाटणे आणि फाडणे. सुटणे आणि सोडणे. दोर तुटला तर तो जुना झाला होता. तोडला तर कोणीतरी तोडला. पोरगं स्वयंपाकघरातून येऊन म्हणतं, ‘कप फुटला.’ आई मान वर न करता विचारते, ‘फुटला का फोडला?’ एवढ्याशा फरकावर आमच्या आयांनी पिढ्यानपिढ्या न्यायदान केलंय, आणि अपील कुठेच नव्हतं. तुम्ही ती जोडीच मोडीत काढलीत. फोन कट झाला. तुटला का तोडला? अडलेला माणूस कचेरीत फोन लावतो, दोन वाक्यं होतात, पलीकडून आवाज बंद. तो पुन्हा लावतो. ‘अहो, रेंज नव्हती, कट झाला.’ असेलही. नसेलही. खोटं बोलणाऱ्याला आता खोटं बोलायचीसुद्धा गरज उरलेली नाही. तुम्ही त्याच्या वतीने अर्धवट खरं बोलून ठेवता.

विजेचं घ्या. शिवारातला पंप बंद पडतो, चौकशी केली तर उत्तर येतं, ‘लाईन कट झाली.’ वारा सुटून तार तुटली असेल, तर ती तुटली. थकबाकीपोटी कोणी खांबावर चढून जोडणी तोडली असेल, तर ती तोडली, आणि तोडण्याला कायदा आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस म्हटली की तारीख आली, कागद आला, खाली सही आली. ‘कट झाली’ म्हटलं की यातलं काहीच येत नाही. शेतकऱ्यालाही वाटतं, झाली असेल बापा. पाऊस होतो, दुष्काळ होतो, तशी लाईन कट होते.

मतदार यादीचं तेच. ‘माझं नाव कट झालं.’ नाव आपोआप नाहीसं व्हायला ते काही खडूने फळ्यावर लिहिलेलं नसतं. दुसऱ्या कोणी हरकत घेतली असेल तर तिच्यासाठी नमुना ७ नावाचा अर्ज आहे आणि त्यावर अर्ज करणाऱ्याचं नाव आणि सही असते. जुना शब्द होता ‘नाव खोडलं’. खोडायला लेखणी लागते, लेखणीला बोटं लागतात, बोटांमागे माणूस असतो. म्हणूनच तो शब्द गैरसोयीचा झाला असावा.

बँकेतल्या कटाचीही एक बारकाई आहे. खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्याला पीक विमा ऐच्छिक झाला. पण ‘नको’ असेल तर मुदतीच्या आत तसं लिहून द्यायचं. लिहून दिलं नाही तर ‘हवा’ आहे असं धरून हप्ता खात्यातून वळता करायचा. म्हणजे तिथे कोणीतरी काही लिहून दिलं नाही, कोणीतरी ते धरलं आणि कोणीतरी रक्कम वळती केली. तीन कर्ते, तीन क्रियापदं. पासबुक घेऊन बाहेर येणारा माणूस एवढंच म्हणतो, ‘पैसे कट झाले.’ आणि ज्याने त्याला ती मुदत सांगायला हवी होती, तो आत पंख्याखाली निवांत.

तुम्ही म्हणाल, मी बिनकर्त्याचा आहे हे सिद्ध करा. पुरावा वर्तमानपत्रात आहे. टोळकी चौकात वाढदिवस करतात तेव्हा तिथे केक ‘कट’ होतो. मोबाइलवरच्या आमंत्रणात ‘कट’, ओरडणाऱ्यांच्या तोंडी ‘कट’. मात्र केक कापायला तलवार काढली आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला, की दुसऱ्या दिवशीचा मथळा असतो: तलवारीने केक कापला. रात्रीतून मराठी क्रियापद परत येतं, कारण आता आरोपी लागतो, आणि आरोपी उभा करायचा तर तुमचा उपयोग नाही. ठाणे अंमलदाराला जे कळतं ते आम्हा बाकीच्यांना कळत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

एकाच जागी तुम्ही कर्त्यासकट सापडता: रस्त्यावर. ‘गाडीला कट मारला.’ तिथे ‘होणे’ नाही, सरळ ‘मारणे’ आहे, मारणारा आहे आणि त्याच्या गाडीचा नंबरही आहे. परिणाम काय? हाणामारी. कट मारल्याच्या कारणावरून डोकी फुटल्याच्या बातम्या आपण किती वाचतो! रस्त्यात एक वीत जागा कमी पडली तर माणसं गाड्या आडव्या घालतात, आणि राशन कार्डातून अख्खं माणूस ‘कट झालं’ तर निमूट रांगेत उभी राहतात. मारामारी करावी असं मी म्हणत नाही. कर्ता दिसला की राग कुठे न्यायचा ते कळतं, एवढंच म्हणतो.

इंग्रजांना तुमचा हा स्वभाव ठाऊक होता बरं का. म्हणून त्यांनी तुम्हाला कधी एकटं सोडलं नाही. झाड पाडायचं तर मागे ‘डाऊन’ लावलं, पुरवठा तोडायचा तर ‘ऑफ’, तुकडे करायचे तर ‘अप’, खर्च आवरायचा तर ‘बॅक’. प्रत्येक कामाला एकेक मुकादम. तुम्ही मात्र मलकापूरच्या फलाटावर उतरताना सगळे मुकादम गाडीतच ठेवून आलात. त्यामुळे जो बारकावा इंग्रजीत उरला होता तोही आमच्या वाट्याला आला नाही, आणि आमचा होता तो गेला. एवढा घाट्याचा सौदा खामगावच्या बाजारात रुईच्या गाठींचासुद्धा झाला नसेल.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर म्हणाल खटला एकतर्फी चालला. कटिंगच्या दुकानात तुम्ही भलं काम केलंत. आमच्याकडे केस कापण्याला एकाहून एक शब्द होते, पण ते तोंडात बसले होते शिव्यांसारखे. हजामत ‘करणं’ म्हणजे खडसावणं, भादरणं म्हणजे तर अब्रूच काढणं. ज्या माणसाच्या हातात आपण मान देतो त्याच्या धंद्याचं नाव आपणच असं बाटवून ठेवलं होतं. तुम्ही आलात, दुकानावर पाटी लागली, खुर्ची फिरती झाली आणि तो कारागीर ताठ उभा राहिला. ती जागा तुमची, तिथून तुम्हाला कोणी उठवणार नाही. संगणकावर कॉपी आणि पेस्टच्या शेजारी बसता, तेही ठीक; तिथे रक्त येत नाही आणि चुकलं तर परत आणता येतं. सिनेमाचं शूटिंग थांबवायला ओरडा खुशाल. महिनाअखेरीला ‘कट टू कट’ पैसे उरतात तेव्हाही या, ती तंगी मराठीत सांगितली तर जास्त लांबते.

बाकीच्या जागा मात्र रिकाम्या करा. आणि आम्ही तुमच्यासारखे नाही, रीतसर करू. तुमच्याच धंद्यातलं कलम ५६ लावतो. ही १५ दिवसांची लेखी नोटीस समजावी. थकबाकीचा तपशील असा: वीजजोडणीच्या प्रत्येक वाक्यामागे एक कर्ता, राशन कार्डाच्या प्रत्येक वाक्यामागे एक कर्ता, मतदार यादीच्या प्रत्येक वाक्यामागे एक, पासबुकाच्या वाक्यामागे किमान तीन. मुदतीत भरणा झाला नाही तर जिल्ह्यातल्या सर्व वाक्यांमधून तुमची जोडणी तोडली जाईल. ‘तोडली जाईल’ हेही मला खटकतंय. मी तोडीन.

नोटीस मिळाल्याची पोच द्यावी. फोन करू नये. तुमचा फोन मध्येच काय होतो ते आम्हाला माहीत आहे.

कळावे,
आपला,
कर्ता
(प्रथम पुरुष, एकवचन)